मालाच्या वाटेने आलेलं हत्यार

चांदवडहून मनमाडकडे जाणारा रस्ता नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. कांद्याचे ट्रॅक्टर, मक्याच्या गोण्या, डिझेलचे टँकर, रेल्वे गाठायला निघालेल्या भरगच्च जीपगाड्या. आमच्या एकलहऱ्याहून निघालं की तास-दीड तासात हा रस्ता लागतो. मे २००६ मध्ये याच रस्त्यावर राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने एका टाटा सुमोचा आणि एका इंडिका गाडीचा पाठलाग सुरू केला. सुमो पुढे तेव्हाच्या औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात पकडली गेली. तिच्यात तीस किलो आरडीएक्स, दहा एके-४७ रायफली आणि ३,२०० काडतुसं होती. इंडिका निसटली. पुढच्या काही दिवसांत मालेगावातून आणि आणखी ठिकाणांहून साठा निघत गेला आणि एकूण आकडा ४३ किलो आरडीएक्स, १६ रायफली आणि ५० हातबॉम्ब इथवर गेला. दहा वर्षांनी, २०१६ मध्ये, मुंबईच्या विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी धरलं आणि त्यांतल्या सात जणांना जन्मठेप दिली.

मी कवितेतला माणूस. हत्यारांविषयी बोलण्याचा माझा अधिकार बेताचाच. पण तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून गेला नाही. रशियातल्या एका सार्जंटाने आपल्या लष्करासाठी आखलेली बंदूक कांद्याच्या रस्त्यावर आली कशी? हवेतून तर ती येत नाही. तिला कुणीतरी घडवतं, विकतं, पेटीत भरतं, बोटीत चढवतं, उतरवतं, आणि वाटेत कुठेतरी कुणीतरी मान वळवून दुसरीकडे पाहतं. जागतिकीकरण हा शब्द आपण बाजार, मोबाईल आणि परदेशी नोकऱ्यांच्या संदर्भात ऐकतो. या शब्दाची ही दुसरी बाजू आज थोडी उलगडून पाहू.

नाशिकला ही गोष्ट नवी नाही, हे आधी सांगितलं पाहिजे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. शाळेच्या इतिहासात हे आपण वाचतो, पण ते पिस्तूल कुठलं होतं, हे सहसा वाचत नाही. ते ब्राउनिंग होतं. अमेरिकन माणसाने आखलेलं आणि बेल्जियमच्या कारखान्यात घडवलेलं. अशी वीस पिस्तुलं सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर पाठवली होती. अमीन हे लंडनच्या इंडिया हाउसमधले स्वयंपाकी. पेटीच्या चोरकप्प्यातून माल मुंबईला उतरला आणि तिथून त्याला पुढचे पाय फुटले. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या तिघांना एप्रिल १९१० मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. त्या तरुणांचा हेतू आणि २००६ च्या गाडीतल्या माणसांचा हेतू मी एका तागडीत घालत नाही, कुणी घालू नये. मी फक्त हत्याराचा प्रवास पाहतो आहे. शंभर वर्षांपूर्वीसुद्धा पिस्तूल बेल्जियममध्ये जन्मलं, लंडनमध्ये पेटीत बसलं आणि साध्या प्रवाशाच्या सामानातून गोदाकाठी आलं. त्याच्यासाठी कुणी वेगळी वाट काढली नव्हती.

मग मधल्या काळात बदललं काय? दोन गोष्टी बदलल्या. हत्यार स्वस्त, साधं आणि दीर्घायुषी झालं, आणि ते अमाप झालं.

मिखाईल कलाश्निकोव्हने १९४७ मध्ये सिद्ध केलेली आणि दोन वर्षांनी सोव्हिएत लष्कराने स्वीकारलेली ही रायफल अचूकतेसाठी गाजली नाही. ती गाजली सोशिकपणासाठी. सुटे भाग थोडे, चिखल-वाळूत अडत नाही, आणि अडाणी माणसालाही थोडक्या वेळात खोलता-जोडता येते. चीनने तिची नक्कल केली, तीच एके-५६. पूर्व युरोपातल्या अनेक देशांनी कारखाने काढले. या घराण्याच्या सात ते दहा कोटी रायफली आजवर जगात बनल्या असाव्यात, असा अंदाज आहे. आणि लोखंडाचं वय माणसासारखं नसतं. तेलपाणी केलं तर चाळीस-पन्नास वर्षांची रायफलसुद्धा कामाला येते. म्हणजे एक युद्ध संपलं की त्यातली माणसं घरी जातात किंवा मातीत जातात, हत्यारं मात्र पुढच्या युद्धाला मोकळी होतात.

आपल्या भागाचं नशीब असं की असं एक मोठं युद्ध आपल्या शेजारी झालं. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, फेब्रुवारी १९८९ मध्ये परतल्या. मधल्या नऊ वर्षांत अमेरिकेने आणि सौदी अरेबियाने पैसा ओतला. त्यातून चीन, इजिप्त अशा देशांकडून घेतलेली शस्त्रं पाकिस्तानच्या हेरखात्यामार्फत मुजाहिदांना पोचली. सगळी पोचली नाहीत. नळाला गळती असावी तशी वाटेवर ती झिरपत राहिली. सरहद्दीवरच्या बाजारात रायफली भाजीसारख्या मांडलेल्या असत. १९८९-९० पासून काश्मीर खोऱ्यात तरुणांच्या खांद्यावर जी एके दिसू लागली, तिच्या मागे हा सगळा साठा होता. एका महासत्तेला दुसरीची जिरवायची होती. हिशोब मात्र अनंतनागला, कराचीला आणि पुढे मुंबईला चुकता करावा लागला.

दुसरी लाट आली ती १९९१ नंतर. सोव्हिएत संघ फुटला, पूर्व युरोपातले कारखाने गिऱ्हाईक शोधू लागले, मालवाहू विमानं भंगाराच्या भावात निघाली आणि पगार थकलेले वैमानिक मिळेल ते काम घेऊ लागले. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री पश्चिम बंगालमधल्या पुरुलिया जिल्ह्यात काही खेड्यांवर आकाशातून छत्र्यांनी पेट्या उतरल्या. सकाळी गावकऱ्यांना शेतात रायफली सापडल्या. विमान अँतोनोव्ह जातीचं, लाटव्हियातून घेतलेलं. कर्मचारी रशियन बोलणारे लाटव्हियाचे. दलाल पीटर ब्लीच हा ब्रिटिश. सूत्रधार किम डेव्ही या नावाने वावरणारा डेन्मार्कचा. माल बल्गेरियातला. आणि कागदपत्रांत माल घेणारा देश म्हणून नाव होतं बांगलादेशाचं. याला शस्त्रव्यापारात अंतिम वापरकर्त्याचं प्रमाणपत्र म्हणतात. आपल्याकडे रेशनच्या दुकानात मेलेल्या माणसाच्या नावावर साखर उचलतात, त्यातलाच हा प्रकार, फक्त मोठ्या मापाचा.

हेच विमान पाच दिवसांनी परतीच्या वाटेवर असताना आपल्या हवाई दलाने मुंबईला सहार विमानतळावर उतरायला भाग पाडलं. ब्लीच आणि पाच वैमानिक-कर्मचारी पकडले गेले. मुख्य माणूस मात्र विमानतळावरून पसार झाला. एका विमानात इतक्या देशांचा सहभाग पाहिला की कुणीही म्हणेल, हीच खरी बहुराष्ट्रीय कंपनी.

पण विमानाची गोष्ट विरळाच. आपल्या किनाऱ्यावर जे घडलं ते अधिक शिकण्यासारखं आहे, म्हणून त्यावर थोडं थांबतो.

१२ मार्च १९९३ चे मुंबईचे स्फोट आपल्याला पाठ आहेत. २५७ माणसं गेली, सातशेंवर जखमी झाली. त्या स्फोटांतलं आरडीएक्स आणि त्याच्यासोबतच्या एके-५६ रायफली रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यातल्या दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरल्या. दिघीला जानेवारीत, शेखाडीला फेब्रुवारीत. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक, असं आपण म्हणतो. इथे ही म्हण खोटी ठरते. या वाटा चोराला, पोलिसाला, कस्टमला आणि किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होत्या. वर्षानुवर्षं याच खाड्यांतून सोनं, चांदी, घड्याळं, कापड येत होतं. हमाल ठरलेले, ट्रक ठरलेले, प्रत्येक टेबलाचा दर ठरलेला. ९ जानेवारीच्या त्या रात्री गोंडघर फाट्यावर पोलिसांनी ट्रक अडवले, ही गोष्ट खटल्यात सिद्ध झाली आहे. लाचेचा आकडा ठरला. रोकड तेवढी जवळ नव्हती, म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवून घेतल्या आणि ट्रक सोडून दिले. ट्रकमध्ये नेहमीचाच माल आहे असं समजून ते सोडले की आणखी काही, याची चर्चा वकिलांनी बरीच केली. मला त्यातली तारणाची गोष्ट जास्त भयंकर वाटते. तारण माणूस ओळखीच्या गिऱ्हाइकाकडून घेतो. पुढे पोलीस आणि कस्टमच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनाही शिक्षा झाल्या, मार्च २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या खटल्यातला अखेरचा निकाल दिला.

या काळाचं एक आर्थिक अंगही आहे. सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला. १९९२ पासून परदेशस्थ भारतीयांना ठराविक सोनं रीतसर जकात भरून आणता येऊ लागलं. चोरट्या सोन्यातला नफा घटू लागला. बाजार खुला झाला की तस्करी मरते, असं अर्थतज्ज्ञ सांगतात, आणि सोन्यापुरतं ते बरंचसं खरं ठरलं. पण तस्करीसाठी उभी केलेली यंत्रणा, म्हणजे बोटी, माणसं, हवाला आणि मिंधे झालेले अधिकारी, ती काही कायद्याबरोबर रद्द होत नाही. ती रिकामी बसते आणि नव्या मालाची वाट पाहते. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींनंतर ज्यांना सूड हवा होता, त्यांना ती आयती मिळाली. दंगल झाली नसती तर फक्त वाट होती म्हणून हत्यार आलं नसतं. आणि वाट नसती तर सूडाची भाषा बोलणाऱ्यांच्या हाती इतकं काही लागलं नसतं. दोन्ही गोष्टी एका वेळी लक्षात ठेवायला जड जातात, म्हणून ज्याला जी सोयीची ती तो धरतो.

आता वाटा आणखी रुंद झाल्या आहेत. न्हावा शेवाचं जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. आज तिथून वर्षाला, वीस फुटी मापाने मोजले तर, साठ लाखांहून अधिक कंटेनर जातात-येतात. आपल्या लासलगावचा कांदा आणि दिंडोरीची द्राक्षं यांतूनच जातात. आमच्या एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कोळशाचा रेक आला की वाघिणी मोजल्या जातात, वजन होतं, माल डोळ्यांना दिसतो. कंटेनर ही बंद पेटी आहे. तिची ओळख म्हणजे तिच्यावरचा कागद. क्ष-किरण यंत्रं आली, सील आले, तरी प्रत्येक पेटी उघडून पाहणं जगातल्या कुठल्याच बंदराला परवडणारं नाही. द्राक्षं उन्हात थांबत नाहीत आणि शेतकरीही थांबवू देणार नाही. वेग हाच या व्यापाराचा प्राण, आणि बेकायदा मालही त्याच वेगावर जगतो.

इथे मला स्वतःलाच थोडं आवरलं पाहिजे. सगळा दोष परदेशावर आणि समुद्रावर टाकणं सोपं आहे. महाराष्ट्रात रोजच्या गुन्ह्यांत जे हत्यार सापडतं ते बहुतेक एके नसतं. तो असतो गावठी कट्टा. नाशिकच्या पेपरात आठवडा-पंधरवड्याला बातमी असते, अमक्या नाक्यावर कट्टा आणि दोन जिवंत काडतुसं जप्त. त्यातला बराच माल सातपुड्यातल्या उमर्टीचा. हे गाव मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यात, आपल्या चोपडा तालुक्याच्या हद्दीला चिकटून. तिथे शिकलगार समाजाची वस्ती आहे. एकेकाळी तलवारींना पाणी देणारे, धार लावणारे हे कारागीर. तलवारी गेल्या, हातातलं कसब राहिलं, शेती नाही, दुसरा धंदा नाही. मग हे कसब कट्ट्याकडे वळलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी मध्य प्रदेश पोलिसांसह तिथे छापा घालून भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. भट्टी मातीची असते, पुन्हा बांधता येते. पोलिसांनाही ते ठाऊक आहे. पुण्या-नाशिकच्या टोळ्यांकडून मागणी आहे, गिऱ्हाईक आणि कारागीर यांची गाठ घालून द्यायला हातातला फोन आहे, तोवर एका समाजाला गुन्हेगार ठरवून भागणार नाही.

आणि गडचिरोली? तिथल्या जंगलात माओवाद्यांकडे एके आल्या, इन्सास आल्या, एसएलआर आल्या. त्यातल्या बऱ्याच कुठल्या परदेशी बोटीतून आल्या नाहीत. त्या पोलिसांवर हल्ले करून लुटलेल्या होत्या. फेब्रुवारी २००८ मध्ये ओडिशातल्या नयागडला पोलिसांचं शस्त्रागारच लुटलं गेलं, एक हजारावर हत्यारं गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती ऊर्फ मल्लोजुला वेणुगोपाल राव साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला, तेव्हा पन्नासहून अधिक हत्यारं खाली ठेवली गेली. त्यांत एके-४७ आणि इन्सासही होत्या. इन्सास ही आपल्याच सरकारी कारखान्यात बनलेली रायफल. करदात्याच्या पैशाने बनली, शिपायाच्या हातून गेली, त्याच्याच भावाबंदांवर चालली आणि शेवटी सरकारकडे परत आली.

स्मॉल आर्म्स सर्व्हे ही जिनिव्हातली संस्था जगातल्या बंदुकांचा अंदाज बांधते. तिच्या हिशोबाने २०१७ अखेर जगात शंभर कोटींवर बंदुका होत्या आणि त्यांतल्या शंभरातल्या ८५ सामान्य नागरिकांकडे होत्या, लष्करांकडे नव्हत्या. भारतातल्या नागरिकांकडे सुमारे सात कोटी, पैकी परवान्याच्या एक कोटीहून कमी. अंदाजच तो, पण त्यातला अर्धा जरी खरा धरला तरी झोप उडावी.

आता असुरक्षितता म्हणजे काय ते पाहू. गोळी लागून माणूस मरतो, हे तिचं ढोबळ रूप. २००६ ला जी इंडिका निसटली, तिच्यातला बीड जिल्ह्यातला झबिउद्दीन अन्सारी पुढे पाकिस्तानात पोचला. २६ नोव्हेंबर २००८ ला कराचीहून निघालेल्या दहा जणांनी मुंबईत १६६ माणसं मारली, तेव्हा त्यांना फोनवरून सूचना देणाऱ्यांत तो होता, असा तपास यंत्रणांचा आरोप आहे. जून २०१२ मध्ये सौदी अरेबियाने त्याला भारताच्या हवाली केलं. त्या रात्री गिरगाव चौपाटीवर कसाबच्या एकेची नळी हातांनी धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे यांच्याकडे लाठी होती. बाजारात आलेलं हत्यार आणि पोलिसाच्या हातातलं हत्यार यांतलं अंतर याहून स्पष्ट कसं सांगावं?

पण असुरक्षिततेचं दुसरं रूप हळू चालतं. मे २००६ मध्ये आमच्या जिल्ह्यात ही शस्त्रं सापडली. सप्टेंबरमध्ये, शब-ए-बारातच्या दिवशी, मालेगावात कब्रस्तानाजवळ स्फोट झाले. मेलेले बहुतेक मुसलमान होते. नऊ मुस्लिम तरुणांना अटक झाली. त्यांतले सात जण पाच वर्षांनी, नोव्हेंबर २०११ मध्ये जामिनावर सुटले. एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केलं, तोवर नवांतला एक या जगात राहिला नव्हता. त्याच वर्षी, तीनच महिन्यांनी, शस्त्रसाठ्याच्या खटल्यातले १२ दोषी ठरले. मे महिन्यातली शस्त्रं खरी होती, ती आणणारे खरे होते. सप्टेंबरमध्ये पकडलेल्यांवरचा आरोप टिकला नाही, हेही खरं. माझे काही मित्र पहिली गोष्ट बोलतात, काही दुसरी. दोन्ही एका दमात बोलणारे भेटत नाहीत. रायफली सोळा होत्या, संशय मात्र अख्ख्या वस्त्यांवर पसरला. घर भाड्याने मागायला गेलेल्या पोराला, नोकरीच्या मुलाखतीला बसलेल्याला तो पुरला.

मे महिन्यातल्या त्या दिवसांत मी मनमाडहून बसने परतत होतो. नाकाबंदी होती. शिपाई आत आला, दोघा-तिघांना नावं विचारली. माझं नाव ऐकून पिशवी उघडायला लावली. आत कवितांच्या वह्या, एक मासिक आणि घरी न्यायला घेतलेले पेरू. त्याने वहीची पानं चाळली, म्हणाला, “मराठीत लिहिता?” मी म्हटलं, “दुसरं काय येतं?” तो ओशाळला, बिचारा. भर उन्हात उभा होता, त्याचं काम तो करत होता, माझा राग त्याच्यावर नव्हता. खिडकीतून मी पाहत होतो, ताडपत्री बांधलेले ट्रक एकामागून एक पुढे जात होते. ताडपत्री सोडून पाहायला दोन माणसं आणि अर्धा तास लागतो. नाव विचारायला काहीच लागत नाही.

जगाने काही केलं नाही, असं नाही. जुलै २००१ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी न्यूयॉर्कला छोट्या शस्त्रांविषयीचा कृतिकार्यक्रम मंजूर केला. २००५ मध्ये प्रत्येक शस्त्रावर ओळखखूण असावी आणि तिच्यावरून माग काढता यावा, असा करार झाला. २ एप्रिल २०१३ रोजी शस्त्रव्यापार करार आमसभेत १५४ विरुद्ध ३ मतांनी संमत झाला. भारत तटस्थ राहिला. दहशतवादी गटांना शस्त्र पुरवण्याविरुद्ध करारात जोर नाही आणि झुकतं माप विकणाऱ्या देशांना आहे, असं आपलं म्हणणं होतं. म्हणणं चुकीचं नव्हतं. पण बाहेर राहून आपण मिळवलं काय, हेही कधी कुणी सांगितलं नाही. घरात २०१९ मध्ये शस्त्र कायदा कडक झाला. परवान्याच्या बंदुका तिनावरून दोनांवर आल्या, बेकायदा शस्त्र बनवण्या-विकण्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आली. कायद्याने कट्टा बनवणारा सापडतो. कंटेनरचा कागद रंगवणारा दूर कुठल्या तरी वातानुकूलित कचेरीत बसलेला असतो.

पुरुलियाच्या विमानातला तो डेन्मार्कचा माणूस पुढे आपल्या देशात उजळ माथ्याने राहू लागला. भारताने त्याला मागितलं. २०११ मध्ये तिथल्या न्यायालयाने नकार दिला. भारताने पुन्हा मागितलं. ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा नकार आला, भारतात त्याला छळ होण्याचा धोका आहे म्हणून. त्याच्यासोबत पकडलेले पाच जण २००० मध्ये सुटले, ब्लीच २००४ मध्ये. आकाशातून पडलेली सगळी हत्यारं सापडली नाहीत. ती कुठे तेलात ठेवलेली असतील तर अजून चालतात.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)